आईच्या उठाबशा

परीक्षा घेणे हा आमचा पोटाचा धंदा. मी महाविद्यालयात मराठी शिकवते असे लोकांना सांगते खरी. पण गेल्या वीस वर्षांचा हिशेब मांडला तर शिकवण्यापेक्षा तपासण्यातच माझे तास अधिक गेले असतील. ज्ञानेश्वरांच्या उपमा, केशवसुतांचे वेगळेपण, बालकवींचा निसर्ग अशा विषयांवरील उत्तरांना मी हजारो वेळा दहापैकी साडेपाच, दहापैकी सहा असे गुण दिले आहेत. साडेपाचच का, सहा का नाहीत, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की मी चष्मा पुसायला घेते. चष्मा पुसून होईपर्यंत तो बहुधा निघून जातो.

अलीकडे परीक्षेला परीक्षा म्हणत नाहीत, 'मूल्यमापन' म्हणतात. शब्द जडबातल आहे, पण भाषेच्या मास्तरणीला त्यात एक गंमत दिसते. त्यात दोन शब्द एका जोखडाला जुंपले आहेत. मापन म्हणजे मोजणे. फूटपट्टी, तागडी किंवा घड्याळ हाती असले की ते कोणालाही येते. मूल्य म्हणजे मोल; ते फूटपट्टीने कळत नाही. एखादी वस्तू किती लांब आहे हे दुकानदार सांगू शकेल. ती कोणाला किती मोलाची आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक. हे दोन बैल एका चालीने चालतात असे आपण गृहीत धरतो. ते नेहमी तसे चालत नाहीत, हे मला वर्गातल्या तरुण मुलांनी शिकवले नाही. साठीपासून ऐंशीपर्यंतच्या काही बायकांनी शिकवले. तीच हकीकत आज सांगायची आहे.

आमच्या वाईत एका मंगल कार्यालयात आठवड्यातून तीन दिवस सकाळी वयस्क बायकांचा व्यायामाचा वर्ग भरे. लग्नाचा मुहूर्त असेल त्या दिवशी वर्गाला सुट्टी, एवढाच त्याचा नियम. आमच्या महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षणाच्या बाई तो वर्ग हौसेने, एक पैसाही न घेता चालवीत. २०२४ च्या जून महिन्यात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, इतके दिवस मी यांच्याकडून हातपाय हलवून घेते आहे. पण त्याचा खरोखर काही उपयोग होतो का, हे एकदा नीट तपासायचं आहे. मला तुमचं मराठी हवंय."

व्यायामाला मराठी कशाला लागते, असे तुम्ही विचाराल. मीही तेच विचारले. तेव्हा त्यांनी एक प्रश्नपत्रिका पुढे केली. ती इंग्रजीवरून उतरवलेली होती आणि तिच्यातला पहिला प्रश्न होता, 'दैनंदिन क्रियाकलाप पार पाडताना आपणांस शारीरिक कार्यक्षमतेत न्यूनता जाणवते काय?' वर्गात देवळापाशी फुले विकणाऱ्या एक आजी येत. त्यांना तो प्रश्न वाचून दाखवला तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "काय इचारतीया ग ही?" मी तो प्रश्न खोडला आणि लिहिले, 'जमिनीवरून उठताना कशाला तरी धरावे लागते का?' या खेपेला कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. जवळजवळ सगळ्या माना हलल्या.

तोवर त्या वर्गाच्या उपयोगाचा पुरावा म्हणजे तीन शब्द होते : 'मला बरं वाटतं.' मराठीतला हा मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. ताप उतरला की बरे वाटते. लेक माहेरी आली की बरे वाटते. बोलणारीचे मन मोडू नये म्हणूनही बरे वाटते. त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. सकाळी घराबाहेर पडायचे, मैत्रिणींच्या चार गोष्टी ऐकायच्या, शेवटी बसून चहा घ्यायचा, यात बरे न वाटेल तर नवल. पण हे बरे वाटणे पायांतल्या ताकदीचे होते की चहाचे? आणि एखादी रात्री अंधारात मोरीकडे जाताना अडखळली, तर ते बरे वाटणे तिला सावरून धरील का?

व्यायामाला असे खडसावून प्रश्न विचारणे आपल्याकडे नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने करताना शरीरात नेमके काय घडते ते क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी पाहायचे, हा त्यांचा ध्यास. श्रद्धा होती म्हणून त्यांनी मोजायचे टाळले नाही, उलट श्रद्धा होती म्हणूनच मोजायला घेतले. आमच्या बाईंचे बळ एवढे मोठे नव्हते. त्यांच्याकडे एक खुर्ची होती, एक घड्याळ होते आणि जमिनीवर तीन मीटरची रेघ मारायला खडू होता. पण एवढ्यावर पुष्कळ काही कळते.

रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स या कॅलिफोर्नियातल्या दोन बाईंनी साठीच्या पुढच्या माणसांसाठी काही सोप्या चाचण्या बसवल्या आणि त्या अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांवर घेऊन पाहिल्या. १९९९ साली त्यांनी त्याचे आकडे प्रसिद्ध केले. त्यातली एक चाचणी अशी : सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, तिच्यावर बसायचे, हात छातीशी घडी घालून ठेवायचे, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पुरते उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजायचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला साधारणपणे दहा ते पंधरा वेळा जमते. दहाच्या आत आले तर पायांतली ताकद कमी आहे, पडण्याचा धोका आहे असे समजायचे. उठताना हातांचा आधार घेतला तर गुण शून्य.

चाचणीचे इंग्रजी नाव मी त्या बायकांना सांगितलेच नाही. मी म्हटले, "खुर्चीवरच्या उठाबशा." त्याबरोबर साठ वर्षांपूर्वीच्या शाळा त्या मंगल कार्यालयात अवतरल्या. एकीने कान धरले, दुसरी म्हणाली, "पाढे आले नाहीत की काय आज?" शिक्षा म्हणून ज्या काढल्या त्या उठाबशा उतारवयात औषध म्हणून काढायची वेळ यावी, याचे त्यांना भारी हसू आले.

त्या रांगेत माझी आईही होती.

आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. वडील गेल्यापासून ती घाटाजवळच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. मी गावातच, दहा मिनिटांच्या अंतरावर, दादा पुण्याला. दर रविवारी दादाचा फोन येई आणि दर रविवारी तो तेच म्हणे, "आई, आता बास झालं एकटीनं राहणं. घराला कुलूप लाव आणि इकडे ये." पुण्याला त्याचे घर सहाव्या मजल्यावर आहे, उद्वाहन आहे, चोवीस तास पाणी आहे, सून मायेची आहे. तरी आई हूं की चूं करीत नसे. मग तो मला म्हणे, "रात्री मोरीत पाय घसरून पडली तर ओरडलेलं ऐकायला तरी कोणी आहे का तिथे?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दादाचा जन्म हिशेबात गेला आहे. 'तिला इथे बरं वाटतं' हे उत्तर त्याच्या वहीत कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. त्याचे भय खरे होते आणि आईची ओढही खरी होती. दोघांच्या मध्ये ठेवता येईल असे काही तरी मला हवे होते. म्हणून मी तिला त्या वर्गात नेले होते.

आईची पाळी आली. ती खुर्चीवर बसली, हातांची घडी घातली, बाईंनी "हं" म्हटले आणि आई जागची हलली नाही. पुढे झुकली, पुन्हा मागे टेकली. दुसऱ्या खेपेला तिचे हात आपसूक सुटून मांड्यांवर आले आणि ती त्यांच्यावर भार देऊन उठली. नियम म्हणजे नियम. बाईंनी तिच्या नावापुढे शून्य लिहिले.

"म्हणजे भोपळाच ना?" आईने घरी येताना विचारले. मी काही बोलले नाही. "सातवीत मला गणितात पैकीच्या पैकी होते," ती म्हणाली आणि मग वाटभर गप्प राहिली.

त्या संध्याकाळी मी माझीच प्रश्नपत्रिका घेऊन तिच्यापुढे बसले. मुलगी म्हणून विचारले असते तर तिने धुडकावून लावले असते. छापील कागद पुढे असला की आपल्याकडची माणसे खरे बोलतात. तेव्हा कळले ते असे. जमिनीवरून उठताना ती खिडकीचा गज धरी. म्हणून ती खिडकीपाशीच बसे, दुसरीकडे कुठे बसतच नसे. दारातली रांगोळी तिने दोन वर्षांपूर्वी बंद केली होती; आम्हांला 'आता कंटाळा येतो' असे सांगितले होते. घाटाच्या पायऱ्या उतरून ती नदीकडे गेलेली नव्हती. आणि रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर ती पाणी पीत नव्हती. मे महिन्यातसुद्धा.

म्हातारपणी माणसाचे जग एका दिवसात लहान होत नाही. ते एकेका गजाने, एकेका पायरीने, एकेका पेल्याने लहान होते. आणि प्रत्येक वेळी माणूस त्याला एक सभ्य नाव देते. कंटाळा. सवय. वय. घरातल्यांना त्याचा पत्ता लागत नाही, कारण ती बाई तक्रार करीत नाही; ती फक्त तेवढे एक काम सोडून देते.

आता व्यायाम कोणता, हा प्रश्न. वर्गातल्या अनेकींचे म्हणणे असे, की "जन्मभर घरकाम केलं, तोच व्यायाम." दळण, पाणी, धुणे, शेण यांत ज्यांचा देह झिजला त्यांना हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण काम शरीराकडून घेते आणि व्यायाम शरीराला देतो, हा फरक राहतोच. शिवाय आता ते कामही उरलेले नसते. सुनेच्या नाहीतर यंत्राच्या हाती गेलेले असते. काही जणी म्हणत, "मी रोज फिरायला जाते." फिरणे हृदयाला, मनाला उत्तम. पण २०१९ साली जगभरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा जो एकत्र आढावा निघाला, त्यात घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे व्यायामाने सुमारे तेवीस टक्क्यांनी कमी होते असे आढळले. आणि हे श्रेय मुख्यतः तोल सांभाळण्याच्या व उठण्याबसण्याच्या व्यायामांचे होते. त्यांना ताकदीच्या व्यायामांची जोड मिळाली तर फायदा आणखी. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे त्यातून ठामपणे म्हणता आले नाही.

ताकद या शब्दाला आमच्या बायका बिचकत. "या वयात काय पैलवान व्हायचंय?" त्यावर बाईंनी त्यांना बोस्टनची गोष्ट सांगितली. तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या शंभर दुर्बळ माणसांवर झालेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय सत्त्याऐंशी, त्यांत त्रेसष्ट बायका. त्यांतल्या काहींकडून दहा आठवडे पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम करवला आणि पेलेल तसे वजन वाढवीत नेले. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. ज्यांनी तो व्यायाम केला नाही त्यांची जवळजवळ होती तेवढीच राहिली. गोष्टीतले मर्म 'वजन वाढवीत नेले' या तीन शब्दांत आहे. म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम आपण लाडाचे करून टाकतो. टाळ्या वाजवा, हात वर, हात खाली, शाब्बास! तरुण मुलाला आपण दरवर्षी वरच्या इयत्तेत घालतो. आजीला मात्र जन्मभर बालवर्गात ठेवतो आणि तिला प्रगती होत नाही म्हणतो.

तेव्हा जूनपासून बाईंनी इयत्ता पाडल्या. आधी प्रत्येकीने डॉक्टरांना दाखवून रक्तदाब तपासून घ्यायचा. मग ज्यांना खुर्चीवरून उठता येत नव्हते त्यांच्या खुर्चीवर गोधडीच्या घड्या घालून बैठक उंच केली. जमू लागेल तशी एकेक घडी कमी करायची. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली आणि त्या घोट्याला बांधून, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा. आठवड्या दोन आठवड्यांनी वाळू थोडी वाढवायची. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीपाशी एका पायावर उभे राहायचे. एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावीत रेघेवरून चालायचे. आणि शेवटी जमिनीवरून उठण्याचा धडा : कुशीवर वळा, हातागुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे रोवा, मग उठा. नऊवारी नेसणाऱ्यांना हे सगळे पाचवारीवाल्यांपेक्षा सोपे गेले, हे मला आवर्जून नोंदवले पाहिजे.

इथवर माझे काम लेखनिकाचे होते. पण निकाल मांडायची वेळ जवळ येऊ लागली तशी माझ्यातली परीक्षक जागी झाली. आमच्याकडे निकाल चांगला दिसावा म्हणून एक जुनी युक्ती असते. वर्षभरात ज्यांनी वर्ग सोडला त्यांना मोजायचेच नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास, एवढेच सांगायचे. व्यायामाच्या वर्गातही हेच होते. ज्यांचे गुडघे बरे असतात त्या शेवटपर्यंत येतात; ज्यांचे दुखतात त्या घरी राहतात; आणि मग शेवटच्या दिवशी उभ्या असलेल्या बायकांकडे बोट दाखवून आपण म्हणतो, पाहा व्यायामाचा प्रताप! म्हणून मी बाईंना सांगितले, "सोडून गेलेल्यांची नावंही यादीत राहू देत. आणि त्या का गेल्या तेही लिहू."

दुसरी अडचण त्या चहाची. फरक पडला तर तो व्यायामाचा की सोबतीचा? याचे उत्तर न्यूझीलंडमधल्या लोकांनी फार सुरेख रीतीने काढले आहे. तिथल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या दोनशे तेहतीस बायका घेतल्या. निम्म्यांच्या घरी व्यायाम शिकवणारी बाई जाई. उरलेल्या निम्म्यांच्या घरीही तितक्याच वेळा कोणी तरी जाई. पण नुसते गप्पा मारायला. म्हणजे सोबत दोघींनाही सारखी, व्यायाम एकीलाच. वर्षअखेर मोजले तेव्हा गप्पांच्या गटात एकशे बावन्न वेळा पडणे झाले होते, व्यायामाच्या गटात अठ्ठ्याऐंशी वेळा. १९९७ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. व्यायामाचे श्रेय व्यायामाला आणि सोबतीचे सोबतीला, अशी ती चोख वाटणी. आमच्या इवल्याशा वर्गाला असा दुसरा गट करणे शक्य नव्हते. त्यामुळे आमच्या आकड्यांवरून जगाला काही शिकवायचा आमचा अधिकार नव्हता; आमच्या आमच्यापुरते पाहणे एवढेच होते. पण शास्त्राला जी सोबत वजा करावी लागते ती माणसाला वजा करता येत नाही, हेही खरे. ज्या वर्गात गप्पा नसतील त्या वर्गाला बायका येणार नाहीत, आणि न येणाऱ्याचे स्नायू कोणत्याच व्यायामाने सुधारत नाहीत.

सप्टेंबरअखेर पुन्हा परीक्षा झाली. आईने हातांची घडी घातली, "हं" झाले आणि ती उठली. घडी न सोडता. बसली, उठली. मी शेजारी उभी राहून मोजत होते आणि माझाच श्वास अडकला होता. अर्ध्या मिनिटात आठ. तीन मीटर चालून, वळून, परत येऊन खुर्चीवर बसायला जूनमध्ये तिला सतरा सेकंद लागले होते. आता तेरा लागले. बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले तर सावध राहावे, असा या चाचणीचा दंडक आहे.

रविवारी दादाचा फोन आला. मी सगळे आकडे त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पास व्हायला किती लागतात?"

"दहा."

"मग नापासच झाली की!"

आई शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "नापास नाही, एटीकेटी मिळाली."

"म्हणजे काय ग?"

"पुढच्या वर्गात बसायला मिळतं, पण राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागतो."

"मग चालेल की," आई म्हणाली. "त्याला सांग, पेपर देणार आहे म्हणून."

दादाचे गणित चुकीचे नव्हते. मापन तेच सांगत होते : शून्यावरून आठ ही मोठी मजल आहे, पण आठ म्हणजे दहा नव्हेत, भीती कमी झाली आहे, संपलेली नाही. म्हणून आम्ही त्याच्या भीतीलाही तिचा वाटा दिला. तो पुढच्याच आठवड्यात आला आणि मोरीत भिंतीला भक्कम दांडी बसवून गेला. वाटेवर रात्रभर जळणारा दिवा लावला. उंबऱ्याजवळचे सरकणारे पायपुसणे उचलून फेकून दिले. व्यायाम कितीही केला तरी अंधार आणि ओली फरशी यांच्याशी नुसत्या मांड्यांच्या बळावर लढता येत नाही. जाताना त्याला आईने त्याच खुर्चीवर बसवले, हातांची घडी घालायला लावली आणि घड्याळ पाहून उठाबशा काढायला सांगितले. किती झाल्या ते इथे सांगत नाही, तो एवढेच म्हणाला, "पुण्याला असा एखादा वर्ग आहे का बघतो." कुलपाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

पण मूल्य? ते या आठाच्या आकड्यात मावलेले नव्हते. अमेरिकेतल्या बाईंनी खुर्ची निवडली, कारण त्यांचे आयुष्य खुर्चीवर जाते. आपले आयुष्य जमिनीवर जाते. देवपूजा, निवडणे-टिपणे, हळदीकुंकू, पंगत, भजन सारे खाली बसून. ब्राझीलमधल्या क्लाउदियो जिल आराउजो या डॉक्टरांनी जमिनीवर बसून उठण्याचीही एक चाचणी केली आहे. दहा गुण, आणि हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक टेक्याला एक गुण कमी. ती आपल्याला जवळची. तरी तीही कोणी तरी दुसऱ्यानेच ठरवलेली. म्हणून मी प्रश्नपत्रिकेच्या शेवटी एक प्रश्न घातला होता, त्याला गुण नव्हते : 'तुम्हांला काय करता यायला हवे?' उत्तरे मी जपून ठेवली आहेत. एकीला नातवाला उचलून घ्यायचे होते. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना एसटीची पहिली उंच पायरी कंडक्टरने दंड न धरता चढायची होती. एकीने लिहिले, 'मंगळागौरीला एक तरी बसफुगडी.' आईने लिहिले होते, 'रांगोळी, खाली बसून.'

२०२४ च्या दिवाळीत आईने दारात रांगोळी काढली. ठिपके पंधरा ते एक. उठताना एक हात गुडघ्यावर टेकला. ब्राझीलच्या डॉक्टरांनी गुण कापला असता. पुढे फेब्रुवारीत, कृष्णाबाईच्या उत्सवाच्या दिवसांत, ती घाटाच्या पायऱ्या माझ्याबरोबर उतरली. माझा हात तिने धरला होता खरा. पण ओझे देऊन नव्हे, लेकीचा धरतात तसा. आणि आता ती रात्री जेवणानंतर पेलाभर पाणी पिते. पुढच्या परीक्षेत तिला दहा मिळाले, हे सांगितले पाहिजे. तरी तीन महिन्यांच्या वर्गाने मिळालेले टिकवायला वर्ग चालूच ठेवावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. ही पदवी अशी आहे, की एकदा मिळाली म्हणून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही.

राहिल्या त्या फुलवाल्या आजी. जुलैपासूनच त्या यायच्या बंद झाल्या होत्या. सोडून गेलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव पहिले होते आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिले होते, 'सकाळी धंद्याची वेळ.' एवढे एक वाक्य लिहिले नसते तर 'आवड नाही' म्हणून आम्ही त्यांना विसरून गेलो असतो. सकाळी सातचा वर्ग हा निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायकांचा वर्ग आहे, हे त्या रकान्याने आम्हांला दाखवले. परीक्षा आमची झाली ती तिथे. बाईंनी ऑक्टोबरपासून दुपारी चारला आणखी एक वर्ग सुरू केला. आजी आल्या, येताना आणखी तिघींना घेऊन आल्या, भाजीवाल्या, धुणेभांडी करणाऱ्या.

त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मीच लिहून घेतले होते, कारण त्यांना लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या होत्या, "पाटीला हात लावाया मानूस हुडकावं लागतं. ते नगं." खुर्चीवरच्या त्यांच्या उठाबशा किती झाल्या, रेघेवरून जायला सेकंद किती लागले, ते सारे कागदावर आहे. पण एका दुपारी वर्ग संपल्यावर त्यांनी भिंतीशी ठेवलेली झेंडूची पाटी दोन्ही हातांनी धरली, बाईंनी शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढे रोवले, आणि कोणाकडेही न पाहता ती डोक्यावर घेऊन त्या चालू लागल्या. प्रत्येकीच्या नावापुढे शेऱ्याचा एक रकाना असतो. वीस वर्षे मी त्यात 'समाधानकारक', 'बरा प्रयत्न' असे काहीबाही लिहीत आले आहे. त्या रकान्यात मी लिहिले, 'पाटी एकटीने उचलली.'